फळमाशी, किरणोपचार आणि कमी ऑक्सिजनातील आंबावाहतूक : पेडणे-डिचोलीच्या संदर्भात एक आढावा

आंबा दूरदेशी पाठवायचा म्हणजे दोन कामे एकाच वेळी साधावी लागतात : वाटेत फळ पिकून नासू द्यायचे नाही आणि फळाबरोबर कीड पाठवायची नाही. पहिल्या कामासाठी फळाभोवतीच्या हवेतला ऑक्सिजन कमी केला जातो, कारण तो कमी झाला की फळाचे श्वसन मंदावते आणि पिकण्याची क्रिया लांबते. दुसऱ्या कामासाठी गॅमा किरणांचा ठरावीक मारा केला जातो, ज्यामुळे फळातील अळी पुढे माशी होऊ शकत नाही. अडचण अशी की सजीव पेशींना किरणांपासून होणारी इजा ऑक्सिजनच्या उपस्थितीत वाढते आणि त्याच्या अभावी घटते, हे किरणजीवशास्त्रातील जुने व भक्कम निरीक्षण आहे. तेव्हा फळाला जपणारी हवा अळीलाही जपते काय, आणि जपत असल्यास किती, हा प्रश्न आंबा निर्यात करू पाहणाऱ्या प्रत्येक प्रदेशाला विचारावा लागतो. गोव्यातील मानकुराद ही आंब्याची जात, आणि विशेषतः सिंधुदुर्गाला लागून असलेल्या पेडणे व डिचोली या दोन तालुक्यांतील बागायत, यांचा विचार समोर ठेवून या प्रश्नाच्या सर्व बाजूंचा आढावा येथे घेतला आहे.

कीड आणि तिची सरहद्द

एखाद्या देशात जी कीड आढळत नाही किंवा मर्यादित क्षेत्रातच आढळते, आणि जिच्या शिरकावाने तेथील शेतीचे मोठे नुकसान होऊ शकते, तिला क्वारंटाइन कीड म्हणतात. अशा किडीच्या बाबतीत आयातदार देश 'थोडीफार चालेल' असे म्हणत नाही, कारण एकाच फळातून निघालेल्या नर-मादीपासूनही नवी वसाहत उभी राहू शकते. भारतीय आंब्याच्या संदर्भात अशा किडींत दोन गट महत्त्वाचे आहेत. पहिला गट फळमाश्यांचा, ज्यात 'बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस' ही जाती प्रमुख आहे, आणि दुसरा कोयीत वाढणाऱ्या भुंग्याचा, ज्याचे शास्त्रीय नाव 'स्टर्नोकेटस मँगिफेरी' असे आहे.

फळमाशीची मादी तयार होत आलेल्या फळाच्या सालीखाली अंडी घालते, एक-दोन दिवसांत अळ्या बाहेर पडून गर खाऊ लागतात, तीन अवस्थांतून वाढतात आणि अखेरीस फळातून बाहेर पडून मातीत कोष करतात. सालीवरचा टोचा इतका बारीक असतो की काढणीच्या वेळी फळ निर्दोष दिसते आणि पेटी उघडेपर्यंत दोष लक्षात येत नाही. वळिवाच्या सरी सुरू झाल्या की या माशीचा जोर वाढतो, त्यामुळे हंगामाच्या अखेरीला हाती येणारी फळे सर्वाधिक धोक्यात असतात. कोयीतल्या भुंग्याची गोष्ट वेगळी आहे. त्याची मादी कोवळ्या फळावर अंडी घालते, अळी गरातून कोयीत शिरते, तिचा माग फळ वाढताना भरून येतो, आणि बाहेरून पाहून असे फळ ओळखणे अनुभवी बागायतदारालाही शक्य होत नाही.

गोव्याच्या कुळागरांत आणि परसबागांत आंब्याबरोबर पेरू, चिकू, पपई अशी झाडे एकत्र असतात, आणि फळमाशीला यांतील अनेक फळे चालत असल्याने आंब्याचा हंगाम संपला तरी तिला आसरा मिळतो. पेडण्याच्या उत्तरेला तेरेखोल नदीपलीकडे आणि डिचोलीच्या ईशान्येला दोडामार्गाच्या बाजूला सिंधुदुर्ग जिल्हा आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगिजांच्या ताब्यात जाण्यापूर्वी हे दोन्ही महाल सावंतवाडीकर भोसल्यांच्या अमलाखाली होते, आणि आजही दोन्ही बाजूंची माती, पाऊस, आंब्याच्या जाती व शेतीच्या चालीरीती एकमेकींत मिसळलेल्या आहेत. राज्याची सीमा माशीला ठाऊक नसते, म्हणून एका बाजूने सापळे लावले आणि दुसऱ्या बाजूला गळलेली फळे कुजत राहिली, तर दोघांचेही श्रम वाया जातात.

धुरीपासून किरणांपर्यंत

फळांतील कीड मारण्यासाठी विसाव्या शतकात दीर्घकाळ विषारी वायूंची धुरी वापरली गेली. त्यांपैकी इथिलीन डायब्रोमाइडचा वापर कर्करोगाच्या धोक्यामुळे अमेरिकेने १९८४ मध्ये थांबवला. मिथाइल ब्रोमाइड ओझोनच्या थराला मारक ठरल्याने माँट्रियल कराराखाली त्याच्यावर निर्बंध आले. क्वारंटाइनच्या कामाला सूट असली तरी त्यावर विसंबून राहणे कुणालाच शहाणपणाचे वाटेनासे झाले. उष्णतेचे उपचार हा दुसरा पर्याय होता. जपानसाठी आंब्यावर बाष्पोष्ण उपचार केला जातो, म्हणजे आर्द्र गरम हवेने फळाच्या गाभ्याचे तापमान ठरावीक पातळीपर्यंत नेऊन काही मिनिटे तेथे राखले जाते. युरोपसाठी ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात फळे ६० मिनिटे ठेवण्याची पद्धत रूढ झाली. माल अडवला गेल्यावर काय होते याचा अनुभव २०१४ मध्ये आला, जेव्हा फळमाश्या सापडल्याने युरोपीय संघाने १ मेपासून भारतीय आंब्यावर व चार भाज्यांवर बंदी घातली. आंब्यावरील बंदी २०१५ च्या जानेवारीत उठली. पातळ सालीच्या फळाला उष्णता सोसत नाही, सालीवर डाग पडतात आणि पिकणे असमान होते, ही या पद्धतीची मर्यादा आहे.

किरणोपचाराचा मार्ग यामुळे महत्त्वाचा ठरला. नाशिक जिल्ह्यातील लासलगाव येथे भाभा अणुसंशोधन केंद्राने 'कृषक' हे केंद्र २००२ मध्ये उभारले, ते मुळात कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून. अमेरिकेच्या कृषी खात्याने २००६ मध्ये सर्वसाधारण किरणमात्रांचा नियम केला, पुढच्या वर्षी भारतीय आंब्याला परवानगी दिली आणि २००७ च्या एप्रिलअखेर लासलगावात किरणोपचार झालेला आंबा सुमारे अठरा वर्षांच्या खंडानंतर अमेरिकेत पोहोचला. पुढे महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाचे वाशी येथील केंद्र आणि कर्नाटकात मालूर येथील केंद्रही या कामात आले. ऑस्ट्रेलियानेही भारतीय आंब्यासाठी हाच उपचार स्वीकारला. युरोपीय संघाच्या सामाईक यादीत मात्र किरणोपचारित पदार्थ म्हणून केवळ सुकी सुवासिक पाने व मसाले आहेत, म्हणून तेथील बाजारासाठी हा मार्ग खुला नाही, हे बागायतदाराने आरंभीच लक्षात घ्यायला हवे.

मात्रेचा हिशेब

किरणांची मात्रा 'ग्रे' या एककात मोजतात; एक किलो पदार्थाने एक ज्यूल ऊर्जा शोषली की ती एक ग्रे मात्रा झाली. कोबाल्ट-६० या किरणोत्सारी समस्थानिकापासून मिळणारे गॅमा किरण पेटीच्या आरपार जातात, आणि त्यांची ऊर्जा फळातील अणूंना किरणोत्सारी बनवण्याइतकी नसते, म्हणून उपचारानंतर फळात किरणोत्सार उरत नाही. इलेक्ट्रॉनांचे झोत आणि क्ष-किरण हेही याच कामासाठी वापरता येतात.

या उपचाराचे वैशिष्ट्य असे की अळी तत्काळ मरावी अशी अपेक्षाच नसते. अळी प्रौढ होऊ नये, किंवा प्रौढ झालीच तर तिला प्रजा होऊ नये, एवढेच उद्दिष्ट असते. जलद विभागणाऱ्या पेशी किरणांना सर्वांत हळव्या असल्याने हे उद्दिष्ट कमी मात्रेत साधते. आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराने किरणोपचाराचे मार्गदर्शक मानक २००३ मध्ये स्वीकारले, आणि २००९ मध्ये फळमाश्यांच्या संपूर्ण कुळासाठी १५० ग्रे ही किमान मात्रा मान्य केली. कोयीतल्या भुंग्यासाठी अमेरिकेच्या यादीत ३०० ग्रे ही मात्रा होती. पतंगवर्गातील कोष व प्रौढ वगळता बाकी सर्व कीटकांसाठी अमेरिकेने ४०० ग्रे ही सर्वसाधारण मात्रा धरली, आणि भारतीय आंब्याला हीच लागू होते. म्हणजे फळमाशीला पुरेशी मानलेल्या मात्रेच्या अडीच पटींहून अधिक किरण भारतीय आंब्याला मिळतात.

४०० ग्रे ही किमान मात्रा आहे. पेट्यांच्या ढिगात मधल्या फळाला किमान तेवढी मिळावी म्हणून कडेच्या फळाला कितीतरी जास्त मिळते, आणि अमेरिकेत ताज्या फळांसाठी १,००० ग्रेची कमाल मर्यादा आहे. मात्रा जसजशी वाढते तसतसा सालीवर तपकिरी डाग पडण्याचा आणि गराचा पोत बिघडण्याचा संभव वाढतो. कीड अधिक सोशिक झाली की मात्रा वाढवावी, हा सोपा वाटणारा उपाय त्यामुळे फळाच्या बाजूने महाग पडतो.

आणखी एक परिणाम व्यवहारात फार मोठा आहे. उपचारित फळात जिवंत अळी सापडू शकते, आणि ती निरुपद्रवी आहे की नाही हे निरीक्षकाला पाहून सांगता येत नाही. म्हणून पुरावा फळात नसतो, तो मात्रामापकांच्या नोंदींत आणि प्रमाणपत्रात असतो. २०२५ च्या मे महिन्यात भारतीय आंब्याच्या पंधरा खेपा अमेरिकेतील विमानतळांवर किरणोपचाराच्या कागदपत्रांतील कारणावरून नाकारल्या गेल्या. फळ कितीही चांगले असले तरी नोंदींची साखळी तुटली की व्यापार थांबतो, हे त्यातून दिसले.

ऑक्सिजन कमी झाला की काय होते

किरण पेशीत शिरले की त्यांचा बराचसा परिणाम पाण्यामार्फत होतो. पाण्याच्या रेणूंचे विघटन होऊन अत्यंत क्रियाशील मुक्त मूलके तयार होतात आणि ती गुणसूत्रांतील डीएनएवर आघात करतात. त्या क्षणी ऑक्सिजन जवळ असेल तर तो आघात झालेल्या जागी जोडला जाऊन इजा कायम करतो. नसेल तर पेशीतील संरक्षक द्रव्यांना ती इजा भरून काढण्याची संधी मिळते. सस्तन प्राण्यांच्या पेशींत तोच परिणाम साधण्यासाठी ऑक्सिजनरहित अवस्थेत सुमारे अडीच ते तीन पट मात्रा लागते. कीटकांत याला दुसरे कारणही जोडलेले आहे : ऑक्सिजनच्या कमतरतेचा ताण काही काळ सोसलेल्या कीटकाच्या शरीरात प्रतिऑक्सिडक विकरांचे काम वाढते आणि तो पुढच्या आघाताला आधीच सज्ज असतो. वंध्य नर सोडून माशी आटोक्यात आणण्याच्या तंत्रात या गुणाचा मुद्दाम उपयोग करतात. कोष कमी ऑक्सिजनात ठेवून त्यांना किरण दिले की नर वंध्य होतात, पण उडण्याची व मीलनाची ताकद टिकवून धरतात. जपानच्या ओकिनावातून खरबूजमाशी या फळमाशीचे १९९३ मध्ये झालेले निर्मूलन याच वंध्य नरांच्या तंत्राने साधले. एका कामात वरदान ठरणारा हा गुण फळांच्या क्वारंटाइनमध्ये धोका ठरू शकतो.

हा धोका ओळखूनच आंतरराष्ट्रीय मानकाच्या सुरुवातीच्या किरणोपचार-जोडपत्रांत, बदललेल्या वातावरणात साठवलेल्या फळांना हा उपचार लागू करू नये, अशी अट घातली गेली. बदललेले वातावरण म्हणजे विशिष्ट सच्छिद्रतेच्या पिशवीत फळ बंद केले की त्याच्या स्वतःच्या श्वसनाने आतला ऑक्सिजन उतरतो आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो, ती अवस्था. नियंत्रित वातावरण याहून वेगळे असते. त्यात शीतकंटेनर किंवा शीतगृहातील वायूंचे प्रमाण यंत्राने मोजून सतत राखले जाते. आंब्यासाठी साधारणतः ३ ते ५ टक्के ऑक्सिजन आणि १२-१३ अंश तापमान उपयुक्त मानतात. ऑक्सिजन याहून फार उतरला तर फळ आंबून गराला मद्यासारखा वास येतो.

प्रयोगांचे उत्तर

कमी ऑक्सिजन अळीला किरणांपासून वाचवतो काय, या शंकेचे उत्तर देणारे प्रयोग गेल्या दोन दशकांत झाले. पीच-सफरचंदांतील 'ग्रॅफोलिटा मोलेस्टा' या पतंगाच्या बाबतीत कमी ऑक्सिजनात किरणांचा परिणाम घटतो असे दिसले आणि आंतरराष्ट्रीय मानकात ऑक्सिजनन्यून अवस्थेसाठी २३२ ग्रेचे स्वतंत्र जोडपत्र आले. पतंगवर्गाबाबत सावधगिरी अनाठायी नाही, एवढे यावरून ठरते.

फळमाश्यांचे चित्र अधिक दिलासा देणारे आहे. हवाईतील संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सर्वांत सोशिक फळमाश्यांपैकी एक मानल्या जाणाऱ्या खरबूजमाशीच्या अळ्या पपईत सोडून, ती पपई वेगवेगळ्या पिशव्यांत भरून ५० ग्रे ही मुद्दाम अपुरी मात्रा दिली. १ ते ४ टक्के ऑक्सिजन राहणाऱ्या पिशवीत प्रौढ होणाऱ्या माश्यांचे प्रमाण १४ वरून २५ टक्क्यांवर गेले. ३ ते ८ आणि ११ ते १५ टक्के ऑक्सिजनाच्या पिशव्यांत मात्र असा फरक पडला नाही. १ ते ४ टक्के ऑक्सिजनाच्या पिशव्यांत १५० ग्रे दिल्यावर मात्र ९,००० अळ्यांतून एकही माशी निघाली नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात 'बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस'सह चार फळमाश्या नेहमीच्या हवेत, सुमारे ५ टक्के ऑक्सिजनात आणि अर्ध्या टक्क्याहूनही कमी ऑक्सिजनात तपासल्या गेल्या. कमी मात्रांना ऑक्सिजनाच्या अभावाने अळ्यांना खरेच संरक्षण दिले. पण मान्य मात्रांना ते संरक्षण निष्प्रभ ठरले, आणि बदललेल्या वातावरणावरील निर्बंधाचा फेरविचार व्हावा असा निष्कर्ष संशोधकांनी काढला.

याचे एक कारण फळाच्या आतच आहे. अळीने पोखरलेला, पातळ झालेला गर हा मुळातच ऑक्सिजन कमी असलेला प्रदेश असतो, म्हणजे फळातील अळी साध्या हवेतल्या पेटीतही काही प्रमाणात संरक्षित असतेच. किमान मात्रा ठरवताना प्रयोग अशा किडक्या फळांवर झाले असतील, तर हे संरक्षण त्या मात्रेच्या हिशेबात आधीच आलेले असते. कृत्रिम खाद्यावर वाढवलेल्या उघड्या अळ्यांवर झाले असतील, तर ते आलेले नसते. नवी मात्रा सुचवणाऱ्या कोणत्याही अभ्यासाचे मोल ठरवताना ही बाब प्रथम पाहावी लागते. १५० ग्रेपेक्षा कमी, जातीनिहाय मात्रा आणण्याची जी स्पर्धा जगभर चालू आहे, तिच्या बाबतीत तर हे विशेष लागू आहे, कारण मात्रा जितकी खाली येईल तितका ऑक्सिजनाच्या अभावाला सामावून घेणारा मोकळा पट्टा अरुंद होतो.

क्रमाचा प्रश्न

या सर्व चर्चेतून व्यवहाराच्या दृष्टीने एक गोष्ट पुढे येते, ती म्हणजे कामांचा क्रम. उपचारानंतर फळाला पुन्हा कीड लागू नये म्हणून ते किरणांपूर्वीच अंतिम, कीटकरोधक पेटीत भरले जाते आणि मग पेटी उघडली जात नाही. बदललेल्या वातावरणाची पिशवी वापरायची असेल तर ती या पेटीत आधीच बंद झालेली असते, आणि केंद्रावर पोहोचेपर्यंत तिच्यातला ऑक्सिजन किती उतरला हे प्रवासाचा काळ, तापमान आणि फळाची पक्वता यांवर अवलंबून राहते. मे महिन्याच्या उकाड्यात डिचोलीहून वाशीला जाणाऱ्या ट्रकमध्ये फळाचे श्वसन जोरात चालते, म्हणजे पिशवीतील ऑक्सिजन नेमका किरणांच्या क्षणी सर्वांत कमी असण्याची शक्यता असते.

याउलट साध्या पेटीत, नेहमीच्या हवेत किरणोपचार करून नंतर सगळा माल नियंत्रित वातावरणाच्या शीतकंटेनरमध्ये भरला, तर ऑक्सिजन उतरतो तो उपचार पुरा झाल्यावर. अळीची इजा तोवर पक्की झालेली असते. समुद्रमार्गाचा प्रयोग या दिशेने झालाही आहे : २०२२ मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्र, केंद्र सरकारची शेतमाल निर्यात विकास संस्था अपेडा आणि महाराष्ट्राचे पणन मंडळ यांनी मिळून सुमारे १६ टन केसर आंबा न्हावाशेव्याहून शीतकंटेनरमधून अमेरिकेला पाठवला. विमानभाडे हा निर्यातीच्या खर्चाचा मोठा भाग असल्याने समुद्रमार्ग स्थिरावला तर बागायतदाराच्या हाती अधिक काही उरू शकेल, आणि म्हणूनच कमी ऑक्सिजनाचा प्रश्न येत्या काळात अधिक महत्त्वाचा होणार आहे.

पेडणे व डिचोली : शक्यता आणि मर्यादा

मानकुराद ही गोव्याची सर्वांत मानाची जात. तिला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि हंगामाच्या आरंभी पणजी-म्हापशाच्या बाजारात तिच्या डझनाला हजारोंचा भाव मिळतो. घरच्याच गिऱ्हाइकाकडून एवढा भाव मिळत असताना निर्यातीची यातायात कशासाठी, हा बागायतदाराचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर हंगामाच्या मध्यात सापडते, जेव्हा सगळीकडचे फळ एकाच वेळी उतरते आणि भाव कोसळतो. नेमक्या त्याच आठवड्यांत दूरची बाजारपेठ उपयोगी पडू शकते, आणि वळिवाआधीचे ते फळ माशीच्या दृष्टीनेही अधिक सुरक्षित असते.

पेडणे तालुक्यातील मोपा येथे २०२३ च्या जानेवारीपासून विमानतळ सुरू झाला आहे. थोडा माल विमानाने दोन-तीन दिवसांत पोहोचवायचा असेल तर कमी ऑक्सिजनाच्या पिशवीची गरजच पडत नाही, आणि किरणोपचाराचा प्रश्न सरळ होतो. समुद्रमार्गासाठी मात्र एकाच प्रतीचे, एकाच पक्वतेचे दहा-पंधरा टन फळ एकदम लागते, आणि विखुरलेल्या कुळागरांतून तेवढे गोळा करणे कठीण आहे. अशा वेळी सिंधुदुर्गातील बागायतदारांबरोबर एकत्र कंटेनर भरणे शहाणपणाचे ठरेल, मात्र प्रत्येक पेटीवर बागेची नोंद हवी, म्हणजे मानकुरादची ओळखही टिकेल आणि एका बागेतल्या दोषासाठी सगळ्यांना दंड होणार नाही.

बागेतील काम या साऱ्याचा पाया आहे. किरणांची कोणतीही मात्रा ही फळात कीड अत्यल्प आहे असे गृहीत धरून विश्वासार्ह ठरते. किडींनी भरलेला माल घेऊन केंद्रावर जाणे म्हणजे उपचाराच्या मर्यादेची परीक्षा पाहणे होय. मिथाइल युजेनॉलच्या वासाने नरांना ओढून घेणारे सापळे, त्यांपैकी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने प्रचारात आणलेला 'रक्षक' सापळा, फळांना कागदी पिशव्या घालणे आणि गळलेली फळे रोजच्या रोज गोळा करून खोल पुरणे, हे उपाय स्वस्त आहेत; पण ते गावातल्या सर्वांनी एकाच वेळी केले तरच फळतात. जुन्या गोव्यातील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आणि वेंगुर्ल्याचे प्रादेशिक फळ संशोधन केंद्र या दोन संस्था सीमेच्या दोन बाजूंना अगदी जवळ आहेत, आणि फळमाशीचे क्षेत्रव्यापी नियंत्रण हा त्यांच्या संयुक्त कामाचा नैसर्गिक विषय आहे.

निष्कर्ष

उपलब्ध पुराव्यावरून असे म्हणता येते की ४०० ग्रेच्या मात्रेत कमी ऑक्सिजनामुळे फळमाशी निसटण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. पतंगवर्गाबाबत मात्र प्रत्येक किडीचा वेगळा पुरावा हवा, आणि मात्रा कमी करण्याचे प्रस्ताव आले तर त्यांत कमी ऑक्सिजनाची चाचणी अनिवार्य असली पाहिजे. मानकुरादच्या बाबतीत तीन गोष्टी स्थानिक प्रयोगांनी ठरवाव्या लागतील : ४०० ते १,००० ग्रेच्या पट्ट्यात तिची पातळ साल किती टिकते, किरणोपचारानंतर तिचे श्वसन कसे बदलते, आणि कंटेनरमधील किती ऑक्सिजनाला तिचा स्वाद बिघडू लागतो. हापूस किंवा केसरचे आकडे उसने घेऊन हे प्रश्न सुटणार नाहीत. तोवर नेहमीच्या हवेत किरण आणि त्यानंतरच कमी ऑक्सिजन, हा क्रम सर्वांत सुरक्षित आहे. त्याला किरणोपचार केंद्रावर नवे यंत्र लागत नाही, फक्त पिशवीऐवजी कंटेनरमध्ये हवा बदलण्याचा निर्णय लागतो. हा निर्णय गोव्याच्या आणि सिंधुदुर्गाच्या बागायतदारांनी, संशोधन संस्थांनी व निर्यातदारांनी एकत्र बसून घेतला, तर नियमाची भीती वाटण्याऐवजी त्याचा आधार वाटू लागेल आणि पेडणे-डिचोलीचे फळ कोणत्याही बंदरावर आपल्या गुणांवर उतरवून घेतले जाईल.